विषय : समुपदेशकांना कायद्यात जागा मिळणेबाबत

तुम्ही समुपदेशक आहात, कोल्हापुरात राहता आणि आपल्या व्यवसायासाठी नीट कायदा व्हावा असं तुम्हाला अलीकडे वाटू लागलंय. पहिला सल्ला : हे वाटणं एखाद्या समुपदेशकाला दाखवा.

दाखवूनही वाटायचं थांबलं नाही, तर पुढे वाचा. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. आजवर मी नऊ निवेदनं दिली आहेत आणि त्यातल्या सातांचे फोटो आहेत.

आधी कायदा नसण्याचे फायदे मोजून घ्या. मार्केट यार्डात गुळाची ढेप तोलायची तर मापाड्याला बाजार समितीचा परवाना लागतो. भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का लागतो. रिक्षावाल्या मामांना बॅज लागतो. तुम्हाला काही म्हणजे काही लागत नाही. राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत गाळा बघायचा आणि फ्लेक्सवाल्याला सांगायचं, 'समुपदेशक' असं मोठ्या अक्षरांत घे. तो विचारेल, "मॅडम, खाली जागा ऱ्हातीया, काय टाकू?" त्याचं मन मोडू नका. करिअर मार्गदर्शन, विवाह जुळवणी, हस्ताक्षर सुधारणा आणि वास्तू, एवढं त्यात आरामात बसतं. दोन वर्षांचं एम. ए., नंतरचं प्रशिक्षण आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काढलेले तासन्‌तास, एवढं झाल्यावर तुम्ही जो बोर्ड लावता, तोच बोर्ड शेजारच्या गाळ्यातल्या गृहस्थांनी दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर लावलेला असतो. शिवाय त्यांच्या बोर्डावर लाइटही असतो. जळू नका. कायद्याच्या नजरेत तुम्ही दोघं सख्खी भावंडं.

पण कायदाच नाही असं चारचौघांत बोलू नका, सरकार दुखावेल. कायदे चांगले तीन आहेत. त्या तिन्हींच्या उंबऱ्यावर तुम्ही चपला काढून उभे आहात, एवढंच.

पहिला 1992 चा, दिव्यांगांसाठीच्या पुनर्वसन परिषदेचा. त्यात चिकित्सालयीन, म्हणजे क्लिनिकल, मानसशास्त्रज्ञाची नोंद होते, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञाचीही होते. नोंद नसताना त्यांचं काम कुणी केलं तर वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये 1992 साली जड गेले असते. आज ती एका बैठकीची फी आहे. दंड भरून पावती फ्रेम करून भिंतीवर लावली तर निदान एका सरकारी कागदावर तुमचं नाव आणि मानसशास्त्र शेजारी शेजारी येईल. असा विचार मी केलेला नाही, फक्त सुचवतेय.

दुसरा 2017 चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा. 29 मे 2018 पासून तो लागू आहे. उपरोध घटकाभर बाजूला ठेवून सांगते, हा कायदा चांगला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा, त्याला कोर्टात ओढू नका, सरकारने त्याची काळजी घ्यावी, असं कलम 115 सांगतं. हे कलम वाचताना मला बरं वाटलं होतं. मग मी व्याख्यांकडे वळले, ती माझी चूक. 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण? मनोविकारतज्ज्ञ आहेतच. राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आहेत. आयुर्वेदात मानसरोग घेऊन पदव्युत्तर झालेले वैद्य आहेत, होमिओपॅथीवाले आहेत, युनानी आणि सिद्धवालेही आहेत. पंगत मोठी आहे. तुम्ही वाढप्यांत आहात.

तिसरा 2021 चा, संलग्न आरोग्य व्यवसायांचा. त्याच्या परिशिष्टात मात्र 'समुपदेशक' हा शब्द खरोखर आहे! आजाराचे समुपदेशक आहेत, एचआयव्हीचे आहेत, कुटुंब नियोजनाचे आहेत, मधुमेहाची शिकवणी घेणारे आहेत, स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या आहेत, आणि 'एकात्मिक वर्तन आरोग्य समुपदेशक' नावाचं एक भारदस्त पद आहे. ते पद म्हणजे आपणच का, हे राज्याच्या परिषदेला विचारायचं. ही परिषद सहा महिन्यांत स्थापन करा, असं कायद्यातच लिहिलं होतं. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना 12 ऑक्टोबरपर्यंतची मुदत घालून द्यावी लागली. यावरून सरकारी सहा महिने किती दिवसांचे असतात, याचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

आता निवेदन कुणाला द्यायचं? घटनेच्या समवर्ती सूचीत नोंद 26 आहे : विधी, वैद्यक आणि इतर व्यवसाय. म्हणजे या विषयावर दिल्लीही कायदा करू शकते आणि मुंबईही. याचा व्यवहारातला अर्थ, दिल्ली तुम्हाला मुंबईकडे पाठवू शकते आणि मुंबई दिल्लीकडे. पास काढून ठेवा.

कुणी खासदार खूपच उत्साही निघाले तर म्हणतील, मी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडतो. त्यांचे आभार माना, पण पेढे सांगू नका. स्वातंत्र्यापासून अशी चौदाच विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं 1970 सालचं. आमदारांना गाठायचं असेल तर जिल्ह्यात दहा आहेत, डिसेंबरात ते नागपुरात सापडतात. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढा, अख्खा दिवस मोकळा मिळतो, निवेदनातल्या शुद्धलेखनाच्या चुका तपासून होतात. उतरल्यावर यशवंत स्टेडियमजवळ बसायला मिळेल. डावीकडे कंत्राटी कर्मचारी असतील, उजवीकडे विनाअनुदानित शिक्षक. तिथे आपलं दुःख सांगायचं नाही, त्यांचं ऐकायचं. आपली सवयच आहे ती, दोन तासांत तुमच्यापुढे रांग लागेल.

पण सुरुवात गावातूनच करावी. एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात मी पहिलं निवेदन घेऊन गेले, तो प्रसंग नवशिक्यांना उपयोगी पडेल. पीए तरुण होते, नम्र होते. विषय वाचून म्हणाले, "समुपदेशन? म्हणजे झेडपीच्या बदल्यांचं न्हवं?"

"नाही. ते वेगळं."

"मग अ‍ॅडमिशनचं. तिसरी फेरी."

"तेही नाही. माणसाला मानसिक त्रास असतो, तेव्हा..."

"हां हां, पोलीस ठाण्यात करत्यात ते! नवरा-बायकोला समोरासमोर बसवून दम द्यायचा आणि सोडायचं."

मी म्हटलं, साधारण तसंच, फक्त दम देत नाही. ते विचारात पडले. "दम न देता ऐकत्यात व्हय लोक?"

हा प्रश्न मी आजही मनात घोळवते. तर सांगायचं काय, शासन निर्णयांत तुमच्या व्यवसायाचं नाव केव्हाच पोचलेलं आहे, त्या नावाखाली दुसरेच लोक राहतात. त्यामुळे निवेदनात 'समुपदेशन' हा शब्द शक्यतो टाळा.

आकडेही टाळा. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के निघालं होतं. मी ते ठळक अक्षरांत घातलं. वाचून एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "म्हणजे ताई, शंभरातली नव्वद माणसं तुमच्याशिवायच चालवत्यात की!"

आपल्या लोकांची एकजूट हवी, असंही कुणी तुम्हाला सांगेल. जरूर करा. एम. ए. मानसशास्त्रवाल्यांना बोलवा, एमएसडब्ल्यूवाल्यांना बोलवा, पदविकावाल्यांना बोलवा. चहा येईपर्यंत सगळे एक असतात. मग कुणी तरी विचारतं, कायद्यात किमान पात्रता काय धरायची? तिथून पुढे प्रत्येकाची किमान पात्रता नेमकी स्वतःच्या प्रमाणपत्रापाशी येऊन थांबते आणि खालची पायरी भोंदूगिरीची ठरते. बैठक संपते तेव्हा गावात एकाच्या जागी तीन संघटना असतात. अध्यक्ष तीन मिळतात, हा फायदाच, फोटो भरगच्च दिसतो.

दुसऱ्या देशात काय केलं, हे सांगायचा मोह होईल. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने 1976 मध्ये समुपदेशकांना पहिला परवाना दिला, आणि असा परवाना द्यायला पन्नासावं राज्य, कॅलिफोर्निया, 2009 मध्ये राजी झालं. तेहतीस वर्षं. वृद्धांच्या सरकारी विम्यातून त्यांचे पैसे मिळायला तर 1 जानेवारी 2024 उजाडला. ही माहिती इथे अजिबात देऊ नका. ऐकणारा लगेच म्हणतो, "मग घाई कसली?"

मध्यंतरी मला वाटलं होतं, आता जमलं. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमा, मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला. एका शाळेने इतकी तडफ दाखवली की पंधरवड्यात पाटी लागली. आत चित्रकलेचे सर बसले होते. त्यांचे तास कमी भरत होते. माणूस सज्जन, मुलं त्यांच्याशी बोलतातही. आपल्याला हे जमेल का, असं त्यांनी मलाच विचारलं, तेव्हा त्यांच्या प्रांजळपणापुढे मी दोन मिनिटं गप्प बसले.

तुम्ही म्हणाल, अहो, हे कोल्हापूर आहे! इथे आंदोलन शिकवावं लागतं का? बरोबर. टोल आपण घालवला. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी चाळीसहून जास्त वर्षं हट्ट सोडला नाही आणि 17 ऑगस्ट 2025 ला बेंच आणून दाखवलं. त्याच महिन्यात महादेवी हत्तीण परत यावी म्हणून नांदणीहून कलेक्टर कचेरीपर्यंत माणसं चालत आली. हत्तिणीसाठी चालणारं गाव तुमच्यासाठी चार पावलं टाकणार नाही?

नाही टाकणार. गावाला बोल लावू नका, दोष तुमच्या धंद्याचा आहे. टोल भरणारा छाती पुढे काढून सांगत होता, मी भरला, मला लुटलं. पक्षकार तारखांचा गठ्ठा दाखवत होता. तुमच्याकडे वर्षभर येऊन ज्याला पुन्हा झोप लागायला लागली, तो हातात फलक घेऊन दसरा चौकात उभा राहील? महाद्वार रोडवर तुम्ही समोरून येताना दिसलात की तो चपलांच्या दुकानात शिरतो. त्याला चपला नको असतात. आणि तुम्हीही ओळख द्यायची नसते, पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं ते. तुमचं काम जितकं चोख, तितका तुमचा मोर्चा लहान. ज्यांच्या सह्यांनी निवेदनाला वजन यावं, त्यांची नावं तुम्ही स्वतःच कपाटात कुलूप लावून ठेवलेली. आणि ते कुलूप राहावं म्हणून तर कायदा मागायचा! शेजारच्या गाळ्यातल्या गृहस्थांना ही अडचण नाही. त्यांच्याकडे 'समाधानी कुटुंबांचे' व्हिडिओ आहेत, नावानिशी, गावानिशी.

त्यामुळे नवव्या निवेदनावर अकरा सह्या झाल्या. दहा आमच्या. अकरावी झेरॉक्सवाल्याची. प्रती काढताना त्याने ते उभ्या उभ्या वाचलं होतं, दोन्ही पानं. पैसे घेताना म्हणाला, "मॅडम, खाली एक ओळ रिकामी हाय, मी करू का सही?" मी म्हटलं, करा. त्याने नाव पूर्ण लिहिलं, फोन नंबर लिहिला आणि 'व्यवसाय'च्या रकान्यात क्षणभर थांबून 'नागरिक' असं लिहिलं. माझ्या माहितीप्रमाणे ते निवेदन शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. निवेदन दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला सांगा, लाजू नका. दहाव्या निवेदनाची सुरुवात 'आमच्या यापूर्वीच्या निवेदनास अनुसरून' अशी करावी लागते, आणि तिथे तारीख-क्रमांक नसला तर ते परत पाठवतात.