आधी काम, मग ख्यालीखुशाली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'मेसेजमध्ये आधी काम सांगा' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी विचारपूस करणं ही आपली रीत आहे, मराठी पत्राचा मायना मी मोडीत काढतोय, आणि 'लेखकमहाशयांनी कधी माणसांत राहून काम केलेलं दिसत नाही', असं तुमचं म्हणणं. पहिल्या दोन मुद्द्यांवर वाद घालता येतो. तिसरा मुद्दा नव्हेच, टोमणा आहे. तोही टोपणनावाआडून, वर हसरा चेहरा चिकटवून.

तर ऐका. माझी उमेदीची वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. माणसांत म्हणजे किती माणसांत, ते सोमवारी सकाळी तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. आवक नोंदवहीत 'विषय' असा एक रकाना असतो. अर्जावर असेल ते त्यात उतरवायचं. कागद कोणत्या टेबलाकडे जाणार, ते बहुतेक त्यावरूनच ठरतं. एका बाईंचा अर्ज आला. विषय : विनंती अर्ज. खाली 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की', मग यजमानांची सगळी नोकरी, मुलीचं शिक्षण, साहेबांची कृपादृष्टी. कागद पाठपोट भरलेला. निवृत्त यजमान वारले आणि कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू झालेलं नाही, हे मागच्या बाजूला, सहीच्या जेमतेम वर. पीपीओ नंबर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, कुठेच नाही. कागद आस्थापनेकडे गेला, तिथून लेखा शाखेकडे, आणि 'या शाखेशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन परत माझ्याकडे. बाईंनी रीत अगदी नीट सांभाळली होती हो. पैसे मात्र अडकले. त्यानंतर टेबलाशी येणाऱ्यांना विषयाची ओळ मीच सांगायला लागलो : 'कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत', पुढे नाव, नंबर. काही जणांना मी तेव्हाही तुसडा वाटायचो. तुम्हीही त्यांत सामील व्हा, माझी हरकत नाही.

एक मान्य. कुणाकडे दुःख झालं असेल, आजारपण असेल, तर थेट कामावर येणं वाईट दिसतं. लेखात ते लिहिलं नाही, कारण एवढं वाचकाला कळतं असं मी धरून चाललो होतो.

मायन्याचं म्हणाल तर 'तीर्थरूप', 'सा. न. वि. वि.' खुशाल लिहा. माझा मुद्दा क्रमाचा आहे, लांबीचा नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, असा नियम २०१२ पासून आहे. ती शब्दमर्यादा मला जाचक वाटते, असं त्याच लेखात शेवटी लिहिलंय. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

आणि विचारपूस? सकाळी सकाळी नुसतं 'नमस्कार सर, कसे आहात?' पाठवून गप्प बसणारा माणूस माझी विचारपूस करत नसतो. त्याला हातउसने पैसे हवे असतात. मी 'मजेत' म्हणेपर्यंत तो ते सांगत नाही, आणि एकदा मजेत म्हटलं की मला नाही म्हणायची सोय उरत नाही. ही कुठली रीत?

बाकी 'इंग्रजाळलेली घाई' वगैरे शेलक्या विशेषणांना उत्तर देत बसत नाही. पुन्हा लिहाल तेव्हा एवढं सांगा : त्या बाईंच्या अर्जावर विषयापुढे तुम्ही काय लिहिलं असतं?