'ला' म्हणजे 'टू' नव्हे: विभक्तीच्या तक्त्यावरून इंग्रजी शिकवणाऱ्यांना उत्तर

विभक्तीचा एक तक्ता सध्या हातोहात फिरतो आहे. डावीकडे मराठी प्रत्यय आणि उजवीकडे प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द: 'ला' म्हणजे 'टू', 'शी' म्हणजे 'विथ', 'चा-ची-चे' म्हणजे 'ऑफ', 'वर' म्हणजे 'ऑन'. खाली सर्वनामांची यादी, एकदोन नियम आणि शेवटी आश्वासन, की एवढं पाठ करा, मराठी वाक्यातले शब्द बदला, इंग्रजी वाक्य तयार. स्पर्धा परीक्षा देणारी, मुलाखतीला निघालेली मुलं हे मनापासून पाठ करतात आणि नेमकी तिथेच अडतात. म्हणून त्यातलं एकेक विधान आधी मांडून मग तपासू.

'ला' म्हणजे 'टू'.

मी त्याला भेटलो: 'आय मेट हिम'. त्याला सांग: 'टेल हिम'. मला तीन भाऊ आहेत: 'आय हॅव थ्री ब्रदर्स'. मला भूक लागली आहे: 'आय ॲम हंग्री'. मी दापोलीला पोचलो: 'आय रीच्ड दापोली'. पाचही वाक्यांत 'ला' आहे, 'टू' एकातही नाही. मुळात मराठीतही 'ला'चा अर्थ एक नाही. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचे एकवचनी प्रत्यय स, ला, ते हेच आहेत, आणि म्हणूनच शाळेत विभक्ती आणि कारकार्थ (म्हणजे नामाचं क्रियापदाशी असलेलं नातं) वेगवेगळे शिकवतात. शिवाय 'मला भूक लागली' यात लागते ती भूक, म्हणजे कर्ता भूक आहे. इंग्रजीत कर्त्याच्या जागी माणूस येतो. म्हणजे इथे एखादा शब्द बदलून भागत नाही, वाक्याची बैठकच बदलते.

'टू' कधी लागेल हे क्रियापद ठरवतं. 'गिव्ह राम द बुक' आणि 'गिव्ह द बुक टू राम' दोन्ही बरोबर, पण 'गिव्ह टू राम द बुक' चूक. वस्तूच्या जागी 'इट' आलं, तर 'गिव्ह इट टू राम' हीच रचना वापरावी. 'एक्सप्लेन'ला मात्र पहिली रचना चालतच नाही. 'एक्सप्लेन मी द रूल' चूक, 'एक्सप्लेन द रूल टू मी' बरोबर.

'चा-ची-चे' म्हणजे 'ऑफ', नाहीतर अपॉस्ट्रॉफी एस.

दोन नामांपुरतं हे बरंचसं खरं आहे: 'राम्स ब्रदर', 'द रूफ ऑफ द हाउस'. पण क्रियापद आलं की काय होतं ते पाहा.

माझी वाट पाहा: 'वेट फॉर मी'.
माझं ऐक: 'लिसन टू मी'.
त्याची चौकशी कर: 'आस्क अबाउट हिम'.
त्याची माफी माग: 'अपॉलॉजाइज टू हिम'.
त्याची मुलाखत घे: 'इंटरव्ह्यू हिम'.
तुझी आठवण येते: 'आय मिस यू'.

मराठीत सगळीकडे षष्ठी, म्हणजे 'चा-ची-चे'ची विभक्ती. इंग्रजीत कुठे 'फॉर', कुठे 'टू', कुठे 'अबाउट', कुठे काहीच नाही. ही काही इंग्रजीची लहर नव्हे, याला कारण आहे. वाट, चौकशी, माफी, मुलाखत, आठवण ही नामं आहेत ('माझं ऐक'मध्ये 'म्हणणं' हे नाम न बोलता धरलेलं असतं). मराठी त्यांना पाहणे, करणे, मागणे, घेणे, येणे जोडून क्रिया सांगते, आणि नाम आलं की 'कोणाची' हे सांगायला षष्ठी येते. इंग्रजीत 'वेट', 'लिसन', 'मिस' ही थेट क्रियापदं आहेत. तिथे नामच नाही, मग 'माय' टेकायचं कशाला? याउलट इंग्रजीतही क्रियापद आणि नाम अशी जोडी असते, तेव्हा 'ऑफ' बऱ्याचदा परत येतो: तिची काळजी घे म्हणजे 'टेक केअर ऑफ हर', त्याची थट्टा करू नकोस म्हणजे 'डोन्ट मेक फन ऑफ हिम'. 'टेक हर केअर' ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी चूक त्या तक्त्यातूनच जन्मते. षष्ठी दिसली, म्हणून हात 'हर'कडे गेला.

माझा, माझी, माझे म्हणजे 'माय', बाकीची सर्वनामंही तशीच.

'माय'पुरतं ठीक आहे. गोंधळ 'त्याची' आणि 'तिचा' इथे होतो. 'त्याची बहीण' याचं इंग्रजी चुकून 'हर सिस्टर' असं होतं, कारण कानाला 'ची' ऐकू येते. मराठीतला हा शब्द दोन गोष्टी सांगतो: पहिला भाग, 'त्या' किंवा 'ति', मालक कोण ते सांगतो आणि शेवटचा 'चा-ची-चे' वस्तूचं लिंग सांगतो. इंग्रजीला फक्त पहिल्या भागाशी देणंघेणं आहे. शेवट बोटाने झाकून पाहा. 'त्या' उरलं तर 'हिज', 'ति' उरलं तर 'हर'. झाडाच्या बाबतीत 'त्याची फांदी' म्हटलं तर 'इट्स ब्रँच', आणि या 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी नाही. अपॉस्ट्रॉफी दिली की तो शब्द 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतो. 'त्यांचा' जपून वापरा. सरांविषयी आदराने 'त्यांची खोली' म्हणतो, पण इंग्रजीत सर एकच, म्हणून 'हिज रूम'. 'देअर रूम' म्हटलं तर ऐकणाऱ्याला तिथे दोन-चार माणसं राहतात असं वाटेल.

जिथे मराठी गप्प बसते तिथेही इंग्रजी मालकी सांगते. त्याने हात धुतले: 'ही वॉश्ड हिज हँड्स'. पण दुसऱ्याच्या अंगाला काही केलं, तर बऱ्याचदा माणूस कर्म होतो आणि अवयवाआधी 'द' येतो: 'ही टुक हर बाय द हँड', 'द बॉल हिट हिम ऑन द हेड'.

'माझा एक मित्र' याचं 'माय वन फ्रेंड' होत नाही, त्याचा अर्थ 'माझा एकुलता एक मित्र' असा निघतो. 'अ' आणि 'माय' शेजारी बसत नाहीत, म्हणून 'अ फ्रेंड ऑफ माइन'. इथे 'ऑफ मी' नाही, 'ऑफ माइन'च.

'शी' म्हणजे 'विथ', 'वर' म्हणजे 'ऑन'.

माझ्याशी लग्न कर: 'मॅरी मी'. माझ्यावर विश्वास ठेव: 'ट्रस्ट मी'. आम्ही योजनेवर चर्चा केली: 'वी डिस्कस्ड द प्लॅन', पुढे 'ऑन' नाही, 'अबाउट'ही नाही. ती माझ्यावर रागावली आहे: 'शी इज अँग्री विथ मी'. 'डिपेंड ऑन'मध्ये दोन्ही भाषा जुळतात, तो योगायोग समजावा.

प्रिपोझिशन ('टू', 'फॉर', 'ऑन' असा शब्द) नेहमी नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधी येतं.

कुणाची वाट पाहतोयस? 'हू आर यू वेटिंग फॉर?' इथे 'फॉर' शेवटी आहे आणि वाक्य शुद्ध आहे. 'पिक अप'सारख्या जोड्यांत सर्वनाम मधे येतं: 'पिक अप द बॅग' चालतं, 'पिक द बॅग अप' चालतं, पण 'पिक अप इट' चालत नाही, 'पिक इट अप'च हवं. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही: 'लुक आफ्टर हिम'. ओळखायचं कसं? नाम मधे घालून पाहा. 'पिक द बॅग अप' जमतं, 'लुक द बेबी आफ्टर' जमत नाही. जिथे नाम मधे बसतं, तिथे सर्वनाम मधेच बसवायचं.

'टू'नंतर नेहमी मूळ क्रियापद.

नोकरीच्या अर्जात 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं लिहिलं जातं ते यामुळे. 'टू'नंतर 'इट' ('ते' या अर्थाचं, खाण्याचं नव्हे) ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' अर्थपूर्ण आहे, म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन आहे आणि पुढे 'मीटिंग यू' हवं. 'आय वॉन्ट टू इट' निरर्थक आहे, म्हणून तिथे 'मीट'च.

तक्ता फाडून टाकायची गरज नाही, पण वहीत प्रत्यय नको, क्रियापद लिहा, आणि तेही सर्वनामासकट. नुसतं 'वेट' नको, 'वेट फॉर हिम' लिहा. 'डिपेंड ऑन हिम', 'आस्क हिम', 'एक्सप्लेन इट टू हिम'. 'हिम'च का, तर 'राम' लिहिलं तर रूप दिसत नाही. 'हिम' लिहिलं की प्रिपोझिशन हवं की नको, सर्वनामाचं रूप कोणतं आणि त्याची जागा कुठली, हे एकाच ओळीत नजरेसमोर राहतं. समोर मराठी ओळही तशीच पूर्ण लिहा: त्याची वाट पाहा, त्याच्यावर अवलंबून राहा, त्याला विचार, त्याला ते समजावून सांग.