गावठी कोंबडीला सव्वा तास लागतोच, मांड्याची चूक मात्र आमची

नमस्कार ताई,

आमच्या जंगलातल्या खाणावळीत जुलैतल्या रविवारी केलेल्या जेवणावरचा तुमचा अभिप्राय वाचला. ताट यायला पावणेदोन तास, मासळी नाही, भात गिच्च, मांडा (बेळगावकडची साखर भरलेली पातळ, कुरकुरीत पोळी) चामड्यासारखा, फोनवरून पैसे जाईनात, आणि वर ‘जंगलात ९०० रुपये ताट कशाचं?’ अशा तुमच्या तक्रारी. पुढे येणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उशिराचं. नोंदणी चौघांची होती, आलात सहाजण. दोन पानं वाढली म्हणून आमच्याकडे कुणी आठ्या घालत नाही. पण इकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या वाटेला लागलं की ऐनवेळी सामान मिळत नाही. आमची गाडी दिवसातून एकदाच, सकाळी खानापूरला जाते, म्हणून आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत आकडा पक्का करून घेतो. सव्वा किलोची जिवंत गावठी कोंबडी साफ केल्यावर ८०० ग्रॅमच्या आसपास भरते, ती चौघांपुरती. तुमच्यासाठी दुसरी लागली. गावातून आणून साफ करायला अर्धा तास, मातीच्या भांड्यात शिजायला सव्वा तास. झाले पावणेदोन. ब्रॉयलर अर्ध्या तासात होतो. गावठी पक्षी हिंडून वाढलेला, त्याचं मांस घट्ट, मंद आचेवरच सुटतं. आच वाढवली तर रस्सा आटतो, वाटलेलं खोबरं तळाला धरतं आणि मांस वातडच राहतं.

हे सगळं तुम्हाला गाडीतून उतरताच सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, ही चूक आमची. दुसरी कोंबडी कुकरला लावली असती तरी वेळ निम्म्यावर आला असता. मसाला तेवढा आत मुरत नाही, पण उपाशी बसण्यापेक्षा ते बरं.

भाताचं दुखणं याच उशिरातून आलं. मडकं चुलीवरून उतरवलं तरी माती बराच वेळ उष्णता धरून ठेवते, त्यामुळे झाकलेला भात आत शिजतच राहतो. १ वाजता तयार झालेला भात पावणेतीनला वाढला तर त्याचा गोळाच होणार. त्यात तांदूळ इंद्रायणी, मुळात चिकट. सुटासुटा भात हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा, बासमती करू. (गावठीच्या रश्श्याबरोबर मात्र इंद्रायणीच खावा, हे आमचं मत कायम.)

मासळीबद्दल थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै कर्नाटक आणि गोवा दोन्ही किनाऱ्यांवर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घाट चढून येणारी मासळी बहुतेक बर्फातली, ती आम्ही घेत नाही. फाटकावरच्या फळ्यावर ‘सुरमई’ तसंच राहिलं होतं, ते पुसलंय.

आता मांडा. याबाबत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. बारीक रवा आणि मैद्याची सैल कणीक दोन तास मुरवून, ताणली तरी तुटणार नाही इतकी मळावी लागते. आत पिठीसाखर, तूप, खसखस, वेलदोडा. लाटून झालं की दोन्ही हातांवर झुलवत, कडेकडेनं ताणत तो उपड्या खापराएवढा करायचा आणि खापरावर टाकायचा. गरम असतानाच पटकन घडी घालायची. जरा थांबलं की तो कडक होतो आणि घडी घालताना मोडतो. बेळगावच्या लग्नात तो दिवसेंदिवस टिकतो, कारण लग्नं बहुधा कोरड्या हवेत असतात. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा ओल येते. पिठीसाखर हवेतली ओल ओढते आणि तासा-दोन तासांत कुरकुरीत मांडा चिवट होतो. त्या दिवशीचे मांडे सकाळी १० चे होते, डब्याचं झाकणही घट्ट नव्हतं. निखाऱ्यावर मिनिटभर धरले असते तरी निम्मा कुरकुरीतपणा परतला असता, पण तेवढंही झालं नाही. आता जून ते सप्टेंबर मांडा ताट वाढल्यावरच खापरावर पडेल, आणि मागितला तरच. त्यासाठी १५ मिनिटं थांबावं लागेल.

पैशांचं म्हणाल तर पाऊस लागला की इथे रेंज जाते. नोंदणी करतानाच ‘रोख आणा’ असं सांगायला सुरुवात केली आहे.

९०० रुपयांत निम्म्याहून अधिक वाटा गावठी कोंबडी, ओले नारळ, तूप आणि गाडीच्या डिझेलचा. वीज गेली की जनरेटरचा खर्च वेगळा. दर कमी करता येणार नाही, पण शाकाहारी ताट ५५० ला आहे, ते फळ्यावर ठळक लिहायला हवं होतं.

सहा मांड्यांचे प्रत्येकी १२० प्रमाणे ७२० रुपये परत करतो. बिलाच्या वरच्या कोपऱ्यातला क्रमांक नोंदणीच्याच फोनवर कळवा. फोन सकाळी ९ च्या आत करा, नंतर आम्ही चुलीपाशी असतो आणि तिथे रेंज नाही.