सिंहवाली मोडीत गेली

सकाळपासून डोकं फिरलंय. लांबडं लिहिणार आहे, ज्याला वेळ नाही त्याने सरळ पुढे जावं.

आज आम्ही सहा जण एका गावात पाटी धुवायला गेलो होतो. पाटी म्हणजे चावडीच्या भिंतीतला तो संगमरवरी दगड हो. आपल्या साताऱ्याकडे, कोकणात बऱ्याच गावांत आहे. इंग्रजीत कोरलेलं असतं की या गावातून अमुक माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, पैकी तमुक जणांनी प्राण दिले. त्याच्याखाली कट्ट्यावर बसून तुम्ही शंभरदा एसटीची वाट बघितली असेल. तर आज त्या दगडावर वाढदिवसाचा फ्लेक्स. गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांची ही रांग. आणि एक खिळा नेमका दगडाच्या कोपऱ्यात, टवका उडालेला.

मी तोंड सोडणारच होतो. तेवढ्यात फ्लेक्स ठोकणारं पोरगंच आलं. म्हणालं, "सर, आमाला वाटलं जुन्या ग्रामपंचायतीची कोनशिला हाय." स्वतः वर चढून खिळे काढले, बादल्या भरून दिल्या. त्याचा चुलता पलटणीत आहे. आता त्याच्यावर काय चिडणार?

मी चिडलोय आमच्याच लोकांवर. घरी येऊन ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं की आता जरा गाजावाजा करू. ग्रामसभेत बोलू, जत्रेत टेबल मांडू, शाळांमध्ये जाऊ, पेपरला फोटो देऊ. तर आमचेच एक ज्येष्ठ लिहितात, "आपण प्रसिद्धीसाठी हे करत नाही." (ते ही पोस्ट वाचणार आहेत. वाचू देत.) खाली लगेच आठ जणांचे नमस्कार.

अहो, मी तरी कुठे म्हणतोय माझा फोटो छापा? माझा फोटो माझ्या बायकोलाही नकोय.

आता कुकरची गोष्ट. ग्रुपमधल्यांनी दहादा ऐकलीय, अकराव्यांदा ऐका.

दोन वर्षांपूर्वी एका गावात पाटी धुऊन झाल्यावर कुणीतरी सांगितलं की वरच्या आळीतल्या आजींच्या घरातला एक जण "बसऱ्याला" (म्हणजे इराकातल्या बसरा शहरी) गेला तो आलाच नाही. गेलो. आजी ऐंशीच्या आसपास. म्हणाल्या, हो, मालकांचे आजोबा. कागद काही नाही, पण एक देवी होती, सिंहवाली. पितळेची गोल, पंज्याएवढी. सासूबाई रोज हळदकुंकू वाहायच्या.

आमच्यातल्या माहीतगारांच्या तिथेच पोटात गोळा आला. ती देवी नव्हे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी सरकार काशाची एक थाळी पाठवायचं. बारा सेंटीमीटरची. त्यावर उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, पायाशी सिंह, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव. हुद्दा मुद्दाम घातलेला नसायचा, साहेब असो की शिपाई, नुसतं नाव. भोवती इंग्रजीत, तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. (कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते आता विचारू नका.) आपल्या बायकांनी सिंह बघितला आणि देव्हाऱ्यात बसवली. अगदी बरोबर केलं.

"मग आता कुठंय?" तर त्याच्या आदल्या दिवाळीत घर बांधताना एक फुटकं घंगाळ, दोन तांबे आणि ती देवी, सगळं मोडीत घातलं. बदल्यात पाच लिटरचा कुकर आला. आजींनी तो दाखवला पण. आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात, तेव्हा त्याच कुकरमधलं वरण वाढलं.

वाढता वाढता म्हणाल्या, "मग तुमी आदी का न्हाई आलासा? आमाला काय ठावं, ह्ये कुनाला हवं आसंल म्हून."

आम्ही आधी का नाही आलो? आम्ही तर तेव्हा पाच वर्षं त्याच तालुक्यात फिरत होतो! शेजारच्या गावची पाटी आम्हीच धुतली होती. गुपचूप. कुणाला न सांगता. प्रसिद्धीसाठी नव्हतो ना करत.

एका थाळीचं काय एवढं, असं वाटेल. तर बघा. १९१४ साली बसऱ्याला उतरली ती पुण्याची सहावी डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात. पुढे इराकातल्याच कुत-अल-अमारात डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला, घोडे कापून खायची पाळी आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तेराएक हजार माणूस कैदेत, त्यातले कितीतरी वाळवंटातून चालता चालताच गेले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर साहेबांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. हे युद्धातली थडगी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेच २०२१ च्या अहवालात कबूल केलंय.

म्हणजे गावच्या पाटीवर आकडा. बसऱ्याला आकडा. त्या माणसाचं नाव ज्या एका वस्तूवर ओतलेलं होतं आणि जी त्याच्या स्वतःच्या घरात होती, ती भट्टीत गेली. आणि आम्ही शेजारच्या गावात ब्रश मारत होतो.

मान्य आहे, प्रसिद्धीने घाणही येते. एका गावात आमची बातमी वाचून उत्साहाच्या भरात दगडाला सोनेरी ऑइलपेंट फासला आणि अक्षरं गिरवताना १ चा ७ केला. एक मेला होता, सात झाले. हसू नका, तो रंग काढायला आमचे दोन रविवार गेले. सेल्फीवाले येतात, तेही खरं. आणि "शेवटी गोऱ्यांसाठीच लढले ना?" म्हणणारे कमेंटमध्ये येणारच आहेत. बरं, लढले गोऱ्यांसाठी. पगारासाठी गेले, दुष्काळामुळे गेले. मेले मात्र आपल्याच आळीतले.

पण ज्याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते टिकलं की नाही? साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं कामी आली, गावाच्या नावातच मिलिटरी आलं, आज त्या गावात कुणी पाटीवर फ्लेक्स ठोकून दाखवावा. रायगडातल्या माणगाव तालुक्याच्या यशवंत घाडगेंना १९४४ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, मरणोत्तर. तिथल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यतबकडी आहे. इटलीतल्या लोकांना आपला माणगावचा गडी माहीत आहे. आणि आपल्याला आपल्याच चावडीतली पाटी कोनशिला वाटते.

थोडं पाणी पिऊन आलो.

ज्या ज्येष्ठांवर मी वर एवढा घसरलो, त्यांचे गुडघे गेलेत. तरी आज पहिली बादली त्यांनीच उचलली. ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पेन्शनच्या पैशातून आमच्या गाडीत पेट्रोल घालतात आणि हिशोब विचारला की रागावतात. त्यांच्या पिढीला स्वतःबद्दल बोलायची लाज वाटते. मलाही वाटते ती, खरं सांगायचं तर. आणि त्या दिवशी आजींच्या घरात वरणभात पुढ्यात घेऊन बराच वेळ मान खाली घालून बसलेले तेच होते. भात कालवत होते नुसते. आजी म्हणाल्या, "आवडलं न्हाई व्हय?" तेव्हा कुठे पहिला घास घेतला.

म्हणून काका, रागावू नका. आपली टिमकी वाजवायची नाहीये. एवढंच कळवायचंय की हे हवं असणारी माणसं आहेत, मोडीत घालायच्या आधी एक फोन करा.

तर सगळ्यांना सांगणं आहे, घरात, गावाकडे, माळ्यावर जुनी ट्रंक असेल तर बघा. पंज्याएवढी गोल थाळी, उभी बाई, सिंह. बिल्ले (पदकं) असतील तर त्यांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण असते, भिंगातून दिसतं. काही सापडलं तर घासू नका. चिंच नको, राख नको, पितांबरी तर अजिबात नको, अक्षरं झिजतात. नुसता फोटो काढा आणि मला पाठवा, रात्री कितीही वाजता.

काकांना आता फोन लावतोय. उचलतात का बघू.