डावा डोळा बाकावर

माझा डावा डोळा दिसायला झकास आहे. सरळ, पाणीदार, पापण्याही उजव्यापेक्षा लांब. लग्नाच्या अल्बमात तोच भाव खाऊन जातो. फक्त त्याला दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. उजवा झाकला तर समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. त्याला दाढी आहे की त्यानं मफलर गुंडाळलाय, ते विचारावं लागतं.

याचा शोध लागला चाळिशीचा चष्मा करायला गेलो तेव्हा. शाळेत डोळे तपासले होते, पण दोन्ही उघडे ठेवून. उजव्यानं दोघांची हजेरी लावली आणि मास्तर पुढच्या मुलाकडं गेले. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र उजव्यावर काळी चमची धरली आणि म्हणाल्या, "वाचा." वरचं ढब्बं अक्षर वाचलं. खाली उतरलो तर सगळी ओळ एकमेकांच्या अंगावर पडलेली. त्यांनी आजूबाजूची अक्षरं झाकून एकच उघडं ठेवलं, तर चटकन वाचता आलं. पुन्हा ओळ उघडली, पुन्हा गोंधळ. याला आळशी डोळा म्हणतात, आणि ही त्याची खूणच आहे म्हणाल्या; एकटं अक्षर ओळखतो, गर्दीत भांबावतो. मी म्हटलं, गर्दीत मीही तसाच आहे.

कारण साधं निघालं. उजव्याला नंबर नाही, डाव्याला साडेचार प्लस, तोही जन्मापासून. लहानपणी मेंदूकडं एक चित्र स्वच्छ येई, एक धुरकट. मेंदूनं धुरकट घेणंच सोडलं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघणाऱ्याला हे लगेच समजेल: पोरगा टीममध्ये आहे, अंगात जर्सी आहे, पण वर्षानुवर्षं बाकावर. आता चाळिशीत त्याला भारीतले बूट दिले, म्हणजे चष्मा दिला, तरी तो खेळणार काय? बॉल पायाला लागायची सवयच नाही. डोळा धडधाकट आहे; खोट आहे ती त्याला बाकावर बसवणाऱ्या कोचमध्ये, आणि तो कोच माझ्याच कवटीत राहतो.

दोन्ही डोळे एकत्र चालत नाहीत म्हणून कुठली वस्तू किती अंतरावर आहे, ते मला नीट कळत नाही. लांबचं भागतं. सावली, आकार, कोण कुणाच्या आड गेलं, यावरून मेंदू हिशेब मांडतो. बिंदू चौकातून स्कूटर सुखरूप निघते. खरी अब्रू जाते ती हातभर अंतरात. चहाचा कप द्यायला पुढं केलेल्या हाताच्या दोन इंच अलीकडंच मी तो सोडतो. सुईत दोरा ओवायचं काम बायकोनं कधीच काढून घेतलं. आणि सासुरवाडीच्या जेवणात हौसेनं पांढरा रस्सा वाढायला उठलो, तेव्हा पळीची धार वाटीच्या काठाला वळसा घालून थेट चुलतसासऱ्यांच्या धोतरावर उतरली. पांढऱ्यावर पांढरा, म्हणून डाग दिसला नाही. पण रस्सा उकळता होता, हे सगळ्या पंगतीला ऐकू आलं. "जावईबापू, लक्ष कुठं हाय?" लक्ष वाटीवरच होतं. वाटी तिथं नव्हती.

हा आजार सांगितला की कोल्हापुरात प्रत्येकाकडं उपाय तयार असतो. गाजर खा. त्रिफळ्याच्या पाण्यानं धुवा. पहाटे रंकाळ्यावर अनवाणी फिरा. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध प्या. हा शेवटचा उपाय मी मनापासून केला, वजन वाढलं. डोळ्यांच्या व्यायामानं चष्मा घालवणाऱ्या एका जाणकारानं तर मला सरळ सांगितलं, "भावा, तू डोळ्याला लई लाडावून ठेवलायस."

डॉक्टरीणबाईंनी मांजरांची गोष्ट सांगितली. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. उघडल्यावर डोळा ठणठणीत, पण मेंदू त्या डोळ्याचं ऐकेना. मोठ्या मांजरांवर तेच केलं, तर काही बिघडलं नाही. म्हणजे वायरिंगचं वय असतं. या दोघांना 1981 साली नोबेल मिळालं. मांजरांना कुणी विचारलं नाही.

म्हणून लहान मुलांत काम लवकर होतं: आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, मध्यम त्रासाला रोजचे दोन तासही पुरतात, पट्टी टिकत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब, म्हणजे तोच धूसर होतो. मोठ्यांचं काय? "थोडं सुधारू शकतं, हमी नाही," बाई म्हणाल्या. लेसरनं नंबर जाईल, नजर येणार नाही. तिरळेपणाचं ऑपरेशन डोळा सरळ करतं, आळस तसाच राहतो. दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवणारे खेळ आहेत. 2013 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 18 प्रौढांना ठोकळे रचायचा टेट्रिस खेळायला लावला. ज्यांना तो दोन्ही डोळे मिळून खेळावा लागला, त्यांची नजर नुसत्या कमजोर डोळ्यानं खेळणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. मी लगेच मोबाइल काढला. बाईंनी तो खाली ठेवायला लावला. पुढं सात वर्षांवरच्यांवर, मोठ्यांसकट, झालेल्या एका चाचणीत असा खेळ साध्या खेळापेक्षा सरस ठरला नाही. शिवाय दाबलेला डोळा मनाला येईल तसा जागा केला, तर एकाचे दोन दिसायला लागतात. बँकेच्या पासबुकात ते बरं, रस्त्यावर नाही.

तरी चष्मा आणि पट्टी, घरात बसून, गाडी न चालवता, एवढी परवानगी मिळाली. पट्टी लावून दारात उभा राहिलो. शेजारच्या काकू: "डोळं आलं काय?" त्यांचे यजमान: "आलं न्हाईत, वैनींनी आणलं." अर्ध्या तासात गल्लीत माझ्या घरातल्या भांडणाची तपशीलवार आवृत्ती फिरत होती. बायकोनं ती खोडून काढली नाही. उलट वाण्याकडं तिला आता उधारी मागावीच लागत नाही.

डाव्याला वर्तमानपत्राचे मथळे जमायला लागलेत. बातमी अजून नाही. सध्याच्या बातम्या बघता मी तिथंच थांबायला तयार होतो, पण बाई नाही म्हणाल्या.

त्यांनी खरा धाक घातला तो उजव्याचा. काम करणारा एकच, त्याला काही झालं तर बदली खेळाडू कोण, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून नंबर असो-नसो, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम. होळी, फटाके, क्रिकेटचा बॉल, सगळ्यांपासून लांब. आणि घरातल्या लहान पोरांचे डोळे एकेक झाकून तपासून घ्या, ती चार वर्षांची व्हायच्या आत.

बहिणीच्या पोराला घेऊन गेलो. निघाला नंबर, तोही एकाच डोळ्याला. पट्टीचे दोन तास त्यानं माझ्याशी रीतसर ठरवून घेतले: पट्टी लावीन, पण मामानंही समोर बसून लावायची. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकेका डोळ्यानं कॅरम खेळतो. क्वीन कुणाला मिळाली, हे आईला विचारावं लागतं, आणि ती नातवाच्या बाजूनं निकाल देते.