तीन पायऱ्यांचा वाडा आता एकीवर आलाय

आज सकाळी संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या एका बोळात, वाड्याच्या दिंडी दरवाजावर कागद डकवलेला दिसला. ‘धोकादायक इमारत. वापर त्वरित बंद करावा.’ खाली सही, शिक्का. चिकटवायला खळ इतकी थापली होती की ओघळ खालच्या पितळी फुल्यांपर्यंत आलेले. समोर चहाच्या गाड्यावर चार जण उभे. त्यातला एक म्हणाला, "जाऊ द्या हो, वय झालं वाड्याचं."

वय झालं म्हणे!

भडकल दरवाजा मलिक अंबरानं 1612 साली बांधला. चारशे वर्षं उलटली, तो अजून उभा आहे. पानचक्की अठराव्या शतकातली, तिच्या हौदात अजून पाणी पडतं. त्यांचं वय होत नाही आणि या वाड्याचंच तेवढं झालं? दगड-चुना अमर आहे असं मी म्हणत नाही. पण हा वाडा ज्यांनी मरायला टेकवलाय त्या गोष्टी गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या आहेत, आणि सगळ्या बोट ठेवून दाखवता येतात. पोस्ट लांबेल. घाईत असाल तर लाईक ठोकून पुढं जा.

आधी पायऱ्या बघा. या वाड्याला तीन पायऱ्या होत्या, सात-सात इंचाच्या, काळ्या घडीव दगडाच्या. आता एक दिसते. बाकीच्या दोन रस्त्याखाली आहेत. जुना रस्ता खरवडून काढायचा खर्च वाचवायचा म्हणून प्रत्येक वेळी त्याच्यावरच सहा-आठ इंचाचं काँक्रीट ओततात. दोनदा ओतलं की दोन पायऱ्या गेल्या, हिशेब सरळ आहे. फक्त पायऱ्या गेल्या असत्या तर एकवेळ सोडून दिलं असतं. पण त्यांच्याबरोबर जोतं, म्हणजे भिंतीखालचा दगडी चौथरा, गाडलं गेलं, आणि जोतं हे काही शोभेचं नसतं. काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, म्हणून तर तो खाली लावला. त्याच्यावर वीट सुरू होते. रस्ता वर आला की पावसाचं पाणी पाषाण ओलांडून थेट विटेला भिडतं. शिवाय भिंतीच्या पोटात दगडाच्या कपच्या, माती आणि चुन्याचा भराव असतो. तो भराव वातीसारखं पाणी वर ओढतो.

पुढचं तर अजून भारी. रस्ता वर आला, पाणी आत यायला लागलं, म्हणून खाली दुकान चालवणाऱ्या भाडेकरूनं आतली जमीन फूटभर उचलून टाइल्स बसवल्या. त्याचीही चूक नाही, मोबाइलचा माल भिजतो. पण देवडीतले, म्हणजे दरवाजामागच्या पडवीतले, सागवानी खांब तळखड्यावर उभे होते. तळखडा म्हणजे खांबाच्या पायाखालचा घडीव दगड. खांबाचं बूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं यासाठीच तो असतो. टाइल्सखाली तळखडे गडप झाले, खांबाची बुडं फरशीत रुतली. रोज पोछा मारला की पाणी सांध्यातून बुडाशी, आणि तिथून सुकायला वाट नाही. आज एका खांबात पेचकस दाबला तर बोटभर आत गेला. कानाच्या उंचीवर तोच खांब ठणठणीत आहे, ठोकला की घंटेसारखा वाजतो.

आणि आपण म्हणायचं, वय झालं.

आता सिमेंट. इथं माझा आवाज वाढणार आहे, आधीच सांगतो. मालकांनी दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या भिंतीला चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, वर वॉटरप्रूफिंगची पावडरही घातली. कागद वाचून ते बिचारे म्हणत होते, "दोन वर्षांपूर्वीच खर्च केलाय हो एवढा." काका, त्या खर्चानंच घात केला. ओल भिंतीत खालून येते. पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायची. आता बाहेर सिमेंटचा पत्रा ठोकल्यावर ती जाईल कुठं? वर. चार फुटांवर प्लास्टर संपतं, पाच फुटांवर आज पांढरा लोणा फुललाय. मातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडतं, क्षार विटेच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात आणि विटेचं तोंड आतून फोडतात. तिथं नखानं खरवडलं तर वीट रव्यासारखी गळते. सिमेंटवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो, म्हणजे तेही भिंत सोडून उभं आहे.

करायचं काय, तेही लिहून ठेवतो, कारण प्रत्येक वेळी इनबॉक्समध्ये तेच विचारतात. सिमेंट छिन्नीनं हळू काढा, ब्रेकर अजिबात लावू नका. सांधे इंचभर खोल साफ करा. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतला की क्षार परत आत जातात. मग चुना. पाकिटातली भुकटी घेऊ नका, कळीचा चुना घ्या, म्हणजे भट्टीतून आलेले न विरवलेले खडे. तो हौदात विरवून, गाळून, पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, दोन-तीन महिने मिळाले तर सोन्याहून पिवळं. प्रमाण एक भाग चुना, एक सुरखी म्हणजे विटेची भुकटी, दोन धुतलेली वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. भट्टीतली जळकी, काळी वीट दळून काही होत नाही, ती चुन्याशी जुळत नाही. दगडी चाकाच्या चुन्याच्या घाणीतून मळलेला माल मिळाला तर नशीब. सिमेंटच्या फिरत्या ड्रममध्ये तो नीट मळला जात नाही, नुसत्या गोळ्या होतात. गिलावा एका वेळी 10-12 मिलिमीटरच, दुसरा हात आठवड्यानं. दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आणि कृपा करून एप्रिल-मेमध्ये करू नका. आपल्या उन्हात चुना धरायच्या आधी वाळतो, मग लोक म्हणतात चुन्यात दम नाही. दिवाळीनंतर करा.

चिरा पडू नयेत म्हणून बारीक कापलेला ताग घाला. नवं काही सांगत नाहीये. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा अभ्यास 2016 साली छापून आला. दीडेक हजार वर्षांपूर्वी इथल्या गवंड्याला जे कळत होतं ते आता आपल्याला पाकिटावर वाचावं लागतं.

असो. वाड्यात परत येऊ.

देवडीच्या उजव्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर लोखंडी कडी आहे. तिथं घोडा बांधत. डावीकडच्या कोनाड्यात दिव्याची काजळी अजून दगडात मुरलेली आहे. ओसरीच्या मागच्या भिंतीवर चार फूट बाय सहा फूट काळा चौकोन दिसतो. रंगाचे पोपडे उचलले की खालचं गुळगुळीत लिंपण लागतं. तो फळा आहे. कधीकाळी इथं वर्ग भरत होते. चौकातला हौद बुजवलेला आहे. नहरीचं, म्हणजे जुन्या जमिनीखालच्या पाटाचं, पाणी बंद झाल्यावर त्यात आधी कचरा गेला, मग भराव, मग त्यावर पत्र्याचं गोदाम. माडीवर क्लासेसचा बोर्ड, त्याच्यावर टेलरचा, त्याच्यावर मोबाइलवाल्याचा. खिळ्यांची भोकं मोजली तर भाडेकरू मोजून होतील.

ह्यातला एकही वापर वाड्यानं नाकारला नाही. पाच खणांची, म्हणजे खांबांमधल्या पाच गाळ्यांची, ओसरी वर्गालाही पुरते, शिलाई यंत्रांनाही पुरते. जुन्या इमारती वापर बदलला म्हणून पडत नाहीत. आपल्याच शहरात बघा. मलिक अंबराच्या नौखंडा महालात मुलींचं कॉलेज आहे. सोनेरी महालात वस्तुसंग्रहालय आहे. पानचक्कीच्या आवारात वक्फ मंडळाचं कार्यालय आहे. लातूरची गंजगोलाई 1917 ची, फैयाजुद्दीन यांनी आखलेली. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि तिथं आजही बाजारच भरतो. माणसांची ये-जा असली की कुणीतरी पावसाआधी पन्हळीतला पिंपळ उपटतं. कुलूप लागलं की तो पिंपळ तीन पावसाळ्यांत मनगटाएवढा होतो आणि मूळ चिरे फाकवतं. त्यामुळे ‘वापर त्वरित बंद करावा’ हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा येतो. माणसं हलवा, हो. पण टेकू देऊन, छत झाकून हलवा. नुसतं कुलूप लावलं तर पुढच्या वर्षी तोच कागद खरा ठरेल.

आता तुम्ही म्हणाल, किल्लारीचा भूकंप विसरलास का?

नाही विसरलो. मराठवाड्यात 30 सप्टेंबर 1993 कुणी विसरू शकत नाही. माळवदाखाली, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताखाली, माणसं गाडली गेली, ते खरंच आहे. माळवदाचा हिशेबही मांडतो. दहा बाय बाराचं माळवद धरा. मूळची माती सहा इंच, म्हणजे 60 घनफूट, साधारण तीन टन. दरवर्षी गळतं म्हणून वर नवी पांढरी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही. थर दोन फुटांवर गेला की 240 घनफूट, म्हणजे अकरा टन! आणि खालच्या भिंती मातीत रचलेल्या, आतला-बाहेरचा थर वेगळा, दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की भिंत पोट काढते आणि छत खाली येतं. सागवानी खण जिथं धड होते तिथं भिंती पडूनही छत खांबांवर राहिलं, हेही त्याच रात्रीत दिसलं. त्यामुळे माळवदाला शिव्या देण्याआधी माती उतरवा. सहा इंच ठेवा, तिला पन्हळीकडे उतार द्या. भिंतीला दर तीन-चार फुटांवर आरपार बांधणी घाला.

या वाड्यावर लोकांनी नेमकं उलटं केलंय. माती दीड फुटावर गेलीये आणि तिच्यावर हजार लिटरची काळी टाकी. म्हणजे अजून एक टन, तोही एकाच सराच्या, म्हणजे छताच्या लाकडी तुळईच्या, मध्यावर. टाकीचा ओव्हरफ्लो थेट मातीत. शेजारच्या दोन खणांवर माती काढून स्लॅब टाकलाय, भिंतीला घट्ट चिकटवून. उन्हात स्लॅब पसरतो, भिंतीला ढकलतो. म्हणून त्याच्याखाली ती आडवी चीर. नोटिशीबरोबरच्या फोटोत हीच चीर दाखवलीये!

भाड्याचा मुद्दा मान्य. आपल्याकडे आधी 1954 चा हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा, मग 1999 चा राज्याचा, वर्षाला चार टक्के वाढ. जुन्या भाडेकरूंकडून महिन्याला जे हातात येतं त्यात एका सराचं सागवानही येत नाही. मालकानं दुरुस्ती कुठून करायची, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सिमेंटचा, स्लॅबचा, टाइल्सचा खर्च झालाच ना? तेवढ्याच पैशात योग्य काम झालं असतं, एवढंच म्हणतोय.

आणि प्रत्येक भिंत वाचवता येते असंही नाही. बाहेरचा थर सुटून कुबड आलं असेल तर ती भिंत उतरवून, दगडांवर नंबर टाकून पुन्हा रचावी लागते. पण ते ठरवायला चहाच्या गाड्यावरून बघून चालत नाही. ओळंबा सोडा. चिरेवर काचेची पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांत काच तडकली तर चीर चालू आहे, नाहीतर जुनी आहे. सराची टोकं भिंतीत जातात तिथं टोचून बघा, कुजतात ती तिथंच.

कुजलेलं टोक म्हणजे अख्खा सर गेला असंही नाही. चांगला सुतार दीड फूट कापतो आणि वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडतो. सर दहा इंची असेल तर सांधा तीस इंचाचा, चार बोल्ट आरपार. आधी दोन्हीकडून टेकू, खाली जॅक, आणि दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच उचलायचं. घाई केली तर वरचा सगळा गिलावा तडकतो. नव्या टोकाभोवती अर्धा इंच मोकळी हवा ठेवायची, सिमेंटनं गच्च बुजवायचं नाही. सांधा बसल्यावर सुतार मागं सरकून, एक डोळा मिटून सराच्या ओळीत बघतो ना, ते बघायला मला कुठलंही प्रदर्शन सोडून जायला आवडेल.

एक शेवटचं, कायद्याचं. अशा नोटिसा महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याच्या कलम 264 खाली निघतात. त्यात पाडणे आहे, तसं सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणेही आहे. सकाळच्या कागदावर तिन्ही शब्द छापलेले आहेत. पेनानं फक्त पहिल्याखाली रेघ ओढलीये.

मुदत पंधरा दिवसांची आहे. मालक उद्या अकरा वाजता वाड्यावर थांबणार आहेत, पायरीजवळ. दोन टेकूच्या बल्ल्या आणि एक जॅक मिळालाय, अजून चार बल्ल्या लागतील. टाकी खाली उतरवायला सहा माणसं हवीत. कळीचा चुना सध्या कुठल्या भट्टीवर चांगला मिळतोय हे कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, पोतं-दोन पोती नकोत, टेम्पोभर लागेल.