पीएच दोन ओळींत उरकू नका

जीवशास्त्रासाठी लागणाऱ्या रसायनशास्त्रावरचा तुमचा लेख आवडला. अणू, बंध, पाणी आणि पीएच एवढं पक्कं झालं की अकरावीचं जीवशास्त्र निम्मं सोपं होतं, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. पण पीएच दोन ओळींत उरकायला नको होता, मुलं नेमकी तिथेच अडतात.

पीएच म्हणजे द्रव किती आम्लधर्मी आहे ते सांगणारी पट्टी, आणि ती लॉगॅरिदमवर, म्हणजे दहाच्या पटीत चालते. एक अंक खाली आला की हायड्रोजन आयन (आम्लता ज्यांमुळे येते ते कण) दहा पट. रक्ताचा पीएच साधारण ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला तर मुलांना वाटतं, ०.३ चा तर फरक, त्यात काय एवढं! प्रत्यक्षात हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात आणि जिवावर बेतू शकतं.

हा तोल मुख्यतः रक्तातलं बायकार्बोनेट सांभाळतं. ते जादा हायड्रोजन आयन पकडतं, कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडून कीटोन आम्लं (चरबी जाळताना तयार होणारी) साठली की रुग्ण खोल, जोरजोरात श्वास घेऊ लागतो तो यामुळेच. मूळ दुखणं फुप्फुसात नसतं, रक्तातली आम्लता कमी करायची ती शरीराची धडपड असते. हे उदाहरण शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावं, अभिक्रियेतले दुहेरी बाण (ती दोन्ही दिशांनी होते हे दाखवणारे) कशासाठी ते मुलांना लगेच कळतं.

आणि हो, पाणी उकळताना रेणूंमधले हायड्रोजन बंध तुटतात, रेणूच्या आतले, हायड्रोजन आणि ऑक्सिजनला जोडणारे सहसंयुज बंध नाहीत. उत्तरपत्रिकेत हे सर्रास उलटं लिहिलेलं असतं. पुढच्या भागात आकृतीसकट द्याल का?